मांडीपर्यंत पुरावा

बुलढाणा जिल्ह्यात जाऊन आलो असं सांगितलं की पुण्यातली माणसं दोन प्रश्न विचारतात. लोणारचं सरोवर पाहिलंत का, आणि शेगावला जाऊन आलात का. मी दोन्हीकडे गेलो नाही. चार दिवस त्या जिल्ह्यात राहून मी एक तळं पाहिलं, आणि तेही इतक्या जवळून की त्याचा काही भाग पुढे दोन दिवस माझ्या कानांतून निघत होता.

मी पुण्यात वकिली करतो. गेली सव्वीस वर्षं माझे पक्षकार म्हणजे हाउसिंग सोसायट्यांचे सभासद. पार्किंगची जागा, गच्चीची किल्ली, कुणाच्या कुत्र्याने कुणाच्या दारात काय केलं. अशा माणसाला जानेवारीच्या शेवटी नागपूरहून फोन आला. सुनंदा ही माझी लॉ कॉलेजातली मैत्रीण. ती तिथे हायकोर्टात वकिली करते. बाथरूममध्ये पाय घसरून तिच्या घोट्याला प्लास्टर लागलं होतं.

"तू पाण्याच्या केसेस करतोस ना रे?" तिने विचारलं.

"करतो की," मी म्हणालो. हे अगदीच खोटं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या मोरीतून दुसऱ्या मजल्यावरच्या देव्हाऱ्यावर गळणारं पाणी मी नऊ वर्षं लढवलं होतं.

तिने प्रकरण सांगितलं. चिखली तालुक्यात, उंद्रीच्या पुढे एक गाव आहे. खटला अजून चालू आहे म्हणून गावाचं नाव लिहीत नाही. गावाला लागून जुनं तळं आहे. एका मोठ्या सरकारी रस्त्याचा चौपदरी जोडमार्ग त्या तळ्याच्या पोटातून, भराव टाकून न्यायचं ठरलं. शेषराव नावाचे एक शेतकरी त्याविरुद्ध हायकोर्टात गेले. सरकारचं उत्तर सरळ होतं: पाणथळ जागांना जपणारे नियम इथे लागूच होत नाहीत, कारण इथे पाणी नाही. आम्ही पाहणी केली तेव्हा जमीन कोरडी आणि पडीक होती. सोबत फोटो जोडले होते. फोटो मे महिन्यातले होते.

कोर्टाने सांगितलं होतं की दोन्ही बाजूंनी मिळून जागेवर जा, पंचनामा करा, तोवर काम थांबवा. पाहणीची तारीख ठरलेली होती आणि सुनंदाला जिना उतरता येत नव्हता.

"पंचनाम्यात 'कोरडी जमीन' असं आलं की स्थगिती उठणार आणि दुसऱ्या दिवशी मुरमाचे डंपर आत जाणार," ती म्हणाली. "तू गावातल्या माणसांची शपथपत्रं घे आणि पाहणीच्या वेळी शांतपणे बाजूला उभा राहा. बाकी काही करू नकोस."

शेवटचं वाक्य मी नीट ऐकलं नाही. मी तेव्हा मनातल्या मनात पर्यावरणाचा वकील झालो होतो. दुसऱ्याच दिवशी दुर्बीण घेतली, पक्ष्यांचं एक सचित्र पुस्तक घेतलं, आणि गावकऱ्यांची शपथपत्रं पुण्यातच टाइप करून ठेवली. सहीपुरती जागा मोकळी. माणूस भेटायच्या आधीच त्याला काय म्हणायचं आहे हे आम्हा पुणेकरांना साधारण ठाऊक असतं.

चिखली

चिखलीला सकाळी उतरलो. शेषराव मोटरसायकलवरून न्यायला येणार होते, त्याला तासभर वेळ होता. स्टँडजवळच्या हॉटेलात कचोरी मागवली. पुण्यात कचोरीबरोबर चिंचेची गोड चटणी मिळते. इथे तळलेल्या हिरव्या मिरच्या आल्या, त्याही न मागता. मी पहिली मिरची भाजी समजून खाल्ली. डोळे पुसत असताना शेजारच्या टेबलावरच्या माणसाने पाण्याचा ग्लास सरकवला आणि विचारलं, "कुठून आले साहेब?"

एवढं पुरे होतं. डोळ्यांतून पाणी येत असतानाच मी त्याला पाणथळ जागा म्हणजे काय ते सांगायला घेतलं. पूर कसा अडतो, विहिरींना पाझर कसा लागतो, हिवाळ्यात परदेशी पाहुणे पक्षी कुठून येतात. तो अतिशय मन लावून ऐकत होता. पुण्यात माझं इतकं कुणी ऐकत नाही, घरी तर नाहीच. तासाभरात मी त्याला केस, तारखा आणि आमच्या बाजूचे मुद्दे सगळं सांगून टाकलं.

शेवटी त्याने चहाचा कप खाली ठेवला. "म्हंजे साहेब, आमच्या गाड्या इतक्यात काही सुरू होत नाहीन."

"कसल्या गाड्या?"

"मुरमाच्या. त्याच कामावर हाय मी. डंपर चालवतो. महिना झाला, घरी बसून राह्यलो." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. "पण तुमी सांगतलं चांगलं. काऊन थांबलं ते मले कोणी सांगतलंच नव्हतं."

माझ्या चहाचे पैसे त्यानेच दिले.

तळं

शेषराव साठीचे, सडसडीत, कमी बोलणारे. त्यांच्या मोटरसायकलवर मागे बसून, सुटकेस मांडीवर आणि दुर्बीण गळ्यात घेऊन मी गावात शिरलो तेव्हा शाळेची मुलं बराच वेळ मागे धावत होती.

त्यांच्या मळ्यात कोबी, मेथी आणि वांगी होती. बांधावर उभं राहिलं की खाली तळं दिसतं. पुस्तकातल्या तळ्यासारखं ते गोल निळं वगैरे नव्हतं. मधोमध राखाडी पाणी, त्याभोवती भेगाळलेल्या चिखलाचा रुंद पट्टा, त्याच्याबाहेर हिरवागार हरभरा. पाणी जसजसं मागे सरकतं तसतशी मोकळ्या होणाऱ्या गाळात लोक पेरणी करतात. त्याला गाळपेर म्हणतात. ना नांगर, ना खत, ना पाणी द्यावं लागत. हरभऱ्यातच रस्त्याच्या खुणेचे पांढरे दगड रांगेने रोवले होते, आणि पलीकडच्या काठावर मुरमाचे ढीग वाट पाहत होते.

मी ताबडतोब दुर्बीण डोळ्यांना लावली. पाण्याच्या कडेला एक मोठा पांढरा पक्षी निश्चल उभा होता. पुस्तकाची पानं उलटली. मान आखूड, चोच दिसत नाही, अंगावर अस्पष्ट निळी अक्षरं.

"सिमेटाची गोणी हाय ते," शेषराव म्हणाले.

खरे पक्षी गोणीच्या डावीकडे शेकड्यांनी बसले होते. ते मला दुर्बिणीशिवायच दिसले.

शेषरावांच्या वहिनी, वच्छलाकाकू, शेजारच्याच घरात एकट्या राहतात. वय सत्तरीच्या आसपास. त्यांची गाळपेराची पट्टी तळ्याच्या अगदी कडेला आहे, आणि सगळ्या गावात शपथपत्र द्यायला तयार झालेली ही एकच व्यक्ती. बाकीचे "पाहू पुढं" म्हणत होते. कुणाला रस्ता झाला की जमिनीला भाव येईल अशी आशा, कुणाला सरकारी माणसाशी वाकडं नको.

त्यांनी जेवायला वाढलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, वांग्याची भाजी, मिरचीचा ठेसा, आणि हरभऱ्याची कोवळी पानं कच्चीच कांदा-तेलात कालवलेली. आमच्याकडे कच्च्या पाल्याची कोशिंबीर करतात ती दह्यात घालून, साखर पेरून. इथे पानाला पानाचीच चव होती, जराशी आंबूस. मी तीन वेळा मागून घेतली. मग कृतज्ञतेने वाटलं, आपणही यांच्या भाषेत दोन शब्द बोलावेत.

"मले तुम्हाले भेटून लय बरं वाटून राह्यलं," मी म्हणालो.

काकूंनी शेषरावांकडे पाहिलं. "यायले ठेसा जास्त झाला का?" मग माझ्याकडे वळून समजुतीने म्हणाल्या, "तुमी जसं बोलता तसंच बोला भाऊ. आमाले समजते."

जेवण झाल्यावर मी टाइप केलेलं शपथपत्र काढलं आणि खड्या आवाजात वाचलं. "मी, शपथेवर कथन करते की, सदर पाणथळ क्षेत्र हे जैवविविधतेने समृद्ध असून, स्थलांतरित पक्ष्यांचे महत्त्वपूर्ण अधिवासस्थान आहे, तसेच सदर परिसंस्थेचे जतन होणे ही काळाची गरज आहे."

काकू सुपारी कातरत होत्या. कातरणं थांबलं.

"हे कोण बोललं?"

"तुम्ही. म्हणजे, तुमच्या वतीने."

"मी तं हे बोललीच नाई. मले हे येतच नाई बोलता. उद्या जजानं इचारलं, बाई, काळाची गरज म्हंजे काय, तं मी काय सांगू?"

"तसं कुणी विचारत नाही."

"मंग लिव्हता कायले?"

सव्वीस वर्षांत माझ्या मसुद्याला इतका मूलभूत आक्षेप कुणी घेतला नव्हता. मी म्हणालो, "पण पक्ष्यांचं तरी खरं आहे ना?"

"पक्ष्यायचं? हे ढोक आन् बदकं माह्या हरबऱ्यात घुसतात. दगडं मारू मारू हात दुखते." त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "सही हाय माही. शपथ हाय माही. तं बोलणंबी माहंच पाह्यजे. नाईतं मी सही करत नाई."

त्या उठून भांडी घासायला गेल्या. एकमेव साक्षीदार हातचा निसटत होता. शेषरावांनी माझ्या हातातला कागद घेतला, उलटा केला आणि कोरी बाजू वर करून माझ्यापुढे ठेवला.

मी मोरीपाशी जाऊन बसलो. "काकू, तुम्ही सांगा. मी लिहितो."

त्यांनी पातेल्यावरून हात न काढता सांगितलं. पोळ्याच्या वेळेस पाणी काठावरच्या वडाच्या मुळ्यांना लागतं. दिवाळीपर्यंत त्यांच्या पट्टीवर असतं, संक्रांतीला निम्मं उतरतं, मग गाळात हरभरा. लग्न होऊन आल्या तेव्हापासून हेच पाहत आल्या. या तळ्यामुळे वरच्या मळ्यातल्या विहिरींना पाणी राहतं. एक वर्ष पाऊस कमी झाला आणि तळं भरलं नाही, तेव्हा पुढच्या उन्हाळ्यात वरच्या सगळ्या विहिरींनी तळ दाखवला. त्यांच्या सासऱ्यांनी दोन बैल विकले.

"पण सरकार म्हणतं, मे महिन्यात तिथे थेंबभर पाणी नव्हतं," मी म्हणालो.

"मे मंधी माह्या दारातला रांजणबी कोरडा पडते." त्यांनी पातेलं पालथं घातलं. "मंग तो काय रांजण नाई?"

मी लिहायचं थांबलो. सरकारी उत्तराला तोड म्हणून मी पुण्याहून सतरा पानांचं टिपण करून आणलं होतं. ते पुन्हा सुटकेसमधून बाहेर काढलं नाही.

पुन्हा चिखली

दुसऱ्या दिवशी काकूंना घेऊन चिखलीला नोटरीकडे गेलो. कोर्टाच्या आवारात झाडाखाली टेबल मांडून बसलेले एक वयस्कर नोटरी. त्यांनी चष्मा लावून शपथपत्र वाचलं आणि लाल पेन काढलं.

"'माह्या' नाही, 'माझ्या'. 'पडते' नाही, 'पडतो'. हे काय साहेब, तुम्ही पुण्याचे. हायकोर्टात जायचा कागद, जरा शुद्ध नको?"

कालपर्यंत मी हेच म्हटलं असतं. किंबहुना काल हेच म्हटलं होतं. पण काकू टेबलाच्या कडेला हात टेकून माझ्याकडे पाहत होत्या, आणि मला एकदम शौर्य आलं.

"शपथ यांची आहे," मी म्हणालो. "बोलणंही यांचंच राहील."

हे वाक्य चोरीचं होतं. मूळ मालकीण शेजारीच उभी होती. तिने पदर सारखा केला आणि कागदाखाली सावकाश, एकेक अक्षर कोरत सही केली. नोटरींनी शिक्का मारला, पण मला वाटतं माझ्या पदवीविषयी त्यांना अखेरपर्यंत शंका राहिली.

परतताना काकूंनी बाजारातून एक झाडू आणि माझ्यासाठी पावशेर गोडी शेव घेतली. "तुमाले तिखट जमत नाई," त्या म्हणाल्या.

पाहणी

पाहणीच्या दिवशी मी काळा कोट घातला. शेषरावांनी कोटाकडे, मग पॉलिश केलेल्या बुटांकडे पाहिलं. "गमबूट हायेत माह्याकडं," ते म्हणाले. मी नको म्हटलं. समोर सरकार येणार होतं. सरकारपुढे गमबुटात उभं राहायचं म्हणजे निम्मी केस हरल्यासारखं.

अकराच्या सुमारास दोन जीपगाड्या आल्या. रस्त्याच्या कामाचे एक तरुण अभियंते होते, जेमतेम तिशीचे, आणि सांगलीकडचे निघाले. बरोबर तलाठी, मोजणीचा माणूस, आणि पंच म्हणून गावातले दोघं, ज्यांना आपण इथे का आलो याचा आधीच पश्चात्ताप होत असावा असे चेहरे. बघ्यांनी बांध भरला.

तलाठ्याने हातावर पुठ्ठा घेऊन लिहायला सुरुवात केली. खुणेच्या दगडापाशी उभं राहून त्याने समोरच्या भेगाळलेल्या पट्ट्याकडे नजर टाकली आणि मोठ्याने म्हणत म्हणत लिहिलं, "दगडापासून पाण्यापर्यंतची जमीन कोरडी, भेगा पडलेली, पायी चालण्यायोग्य."

"हरकत!" मी म्हणालो. बांधावरच्या लोकांनी माना उंचावल्या. मला ते आवडलं. "चालण्यायोग्य कशावरून?"

"दिसतंच आहे साहेब," तलाठी म्हणाला.

अभियंते सौम्यपणे म्हणाले, "वरून तरी टणक वाटतेय. आमच्या आधीच्या अहवालातही तसंच आहे."

इथे कोणत्याही शहाण्या वकिलाने हरकत नोंदवून घेतली असती आणि गप्प बसला असता. सुनंदाने नेमकं तेच सांगितलं होतं. पण मला वाटलं, दगडापासून पाणी किती जवळ आहे हे आपण स्वतः टेप धरून दाखवावं. मी मोजणीवाल्याच्या हातातून टेपचं टोक घेतलं आणि पाण्याच्या दिशेने निघालो.

"भाऊ, तिकून नका जाऊ," काकू बांधावरून ओरडल्या. "फसते तिथं! हरबऱ्याकून या!"

मी हात हलवून त्यांना दिलासा दिला. आम्हा वकिलांना सल्ला द्यायची सवय असते, घ्यायची नाही.

पहिली सहा पावलं जमीन खरंच टणक होती. सातव्या पावलाला ती टणक असल्याचं नुसतं सोंग करत होती. पापुद्रा मोडल्याचा आवाज आला आणि उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. तो काढण्यासाठी डाव्यावर जोर दिला. डावा मांडीपर्यंत गेला. मग उजव्याने त्याच्याशी बरोबरी केली. गार, दाट काहीतरी पँटच्या आत वर चढत होतं. टेपचं टोक माझ्या हातात तसंच होतं.

आधी बांधावर हसू फुटलं. मग मी पुन्हा धडपडलो, आणखी वीतभर खाली गेलो, आणि हसू थांबलं. खरं सांगतो, त्या क्षणी मी घाबरलो. पायांना खाली काहीच लागत नव्हतं.

"हलू नका!" काकूंचा आवाज आता जवळून आला. लुगडं खोचून त्या हरभऱ्याच्या कडेने आल्या होत्या. "पाय मारू नका. आडवे पडा."

"काय?"

"आडवे पडा, पोटावर! म्हैस फसली की तिलेबी असंच निजवा लागते."

"काकू, कोट आहे अंगात."

"कोटासकट पडा!"

मी कोटासकट पडलो. गाळ हनुवटीला, कानाला, तोंडाला लागला. शेषरावांनी तुराट्यांच्या पेंढ्या आणून माझ्यापुढे पसरल्या, त्यावर पाय देत ते पुढे आले आणि आपला खांद्यावरचा शेला फेकला. पलीकडून आणखी एक हात आला. तो अभियंत्यांचा होता. त्यांनीही बूट घातले होते, पँटला इस्त्री होती, आणि मला ओढताना त्यांचा एक पाय गुडघ्यापर्यंत खचकन आत गेला. तरी त्यांनी माझी बाही सोडली नाही. "वकीलसाहेब, ढिले राहा," ते धापा टाकत म्हणाले. माझे विरोधी पक्षकार आणि माझा पक्षकार यांनी मिळून मला इंचाइंचाने बाहेर काढलं. डावा बूट मात्र आला नाही.

खुणेच्या दगडाला टेकून मला बसवलं. कुणीतरी अंगावर बादलीभर पाणी ओतलं. सगळा गाव बघत होता. माझ्या डोक्यात एकच विचार: हे नागपूरला कळता कामा नये.

"तलाठीसाहेब," मी हळू आवाजात म्हणालो, "एक विनंती आहे. हा प्रकार कृपा करून पंचनाम्यात घेऊ नका. वैयक्तिक बाब आहे."

होय, मी हे म्हणालो. देवाने, किंवा गाळाने, माझ्या हातात सगळ्या खटल्यातला सर्वांत भक्कम पुरावा दिला होता, आणि मी स्वतःच्या अब्रूसाठी तो वगळून घ्यायला निघालो होतो. तलाठ्याला ते सोयीचंच होतं. त्याने पेनाचं टोपण लावायला घेतलं.

"काऊन नाई लिव्हायचं?" काकू पुढे आल्या. त्यांच्या हातांना कोपरापर्यंत गाळ होता. "आत्ता तं लिव्हलं तुमी, चालण्यासारखी जमीन हाय म्हणून. हा माणूस चालला तुमच्या लिव्हण्यावर. मंग तो कुठवर गेला तेबी लिव्हा ना!"

तलाठ्याने अभियंत्यांकडे पाहिलं. पंचांनी जमिनीकडे पाहिलं. अभियंते आपल्या पँटचा चिखलाने भरलेला पाय पाहत उभे होते. त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली असती तर ते वाक्य कधीच कागदावर आलं नसतं, आणि त्यांच्या वरिष्ठांना ते आवडलंही असतं.

"लिहा," शेवटी ते म्हणाले. "वकील मांडीपर्यंत, मी गुडघ्यापर्यंत. दोन्ही लिहा. सही मी करतो." मग कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाले, "इथे रोलर चढवला असता तर ड्रायव्हरसकट गेला असता."

मला चिखलीतला तो माणूस आठवला, ज्याने माझ्या चहाचे पैसे दिले होते.

तलाठ्याने आधीची ओळ खोडली नाही. तिच्याखाली नवी लिहिली. अभियंत्यांनी सही केली, मग पंचांनी. त्यांच्यातला एक जण सही करताना म्हणाला, "लहानपणी माही वासरी गेली इथंच. पण इचारलंच नाई कोणी."

त्या दुपारी काकूंनी शेतातच हरभऱ्याचे घाटे झाडासकट जाळावर भाजले. आम्ही सगळे राखेत बोटं काळी करत ते सोलून खात बसलो. अभियंतेही, एक पाय उन्हात वाळत घालून. मी शेषरावांच्या धोतरात होतो. धोतर नेसायला मला दोन माणसं लागली. रस्ता कुठून वळवता येईल यावर अभियंते आणि शेषराव मातीत काडीने रेघा ओढत होते, आणि पहिल्यांदाच मला कुणाला काही समजावून सांगावंसं वाटत नव्हतं.

नागपूर

कागद घेऊन मी नागपूरला गेलो. सुनंदा कुबडीवर कोर्टात आली होती. पंचनामा वाचताना तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. "शांतपणे बाजूला उभा राहा म्हटलं होतं ना तुला?" एवढंच म्हणाली, पण तिचे खांदे हलत होते.

न्यायमूर्तींनी पंचनामा मराठीतच वाचला. वाचता वाचता त्यांची भुवई वर गेली. "यात उल्लेख आहे ते मांडीपर्यंतचे वकील हजर आहेत का?"

मी मागच्या रांगेतून उठलो. कोर्टातली प्रत्येक मान वळली.

"बूट मिळाला का?"

"नाही, माय लॉर्ड. तो अजून पाणथळातच आहे."

सरकारी वकील तत्परतेने उभे राहिले. "माझी हरकत आहे. ते पाणथळ आहे की नाही, हाच तर वादाचा मुद्दा आहे."

कोर्ट हसलं. मग न्यायमूर्तींनी काकूंचं शपथपत्र उचललं. रांजणाच्या ओळीपाशी आल्यावर ते थांबले, ती पुन्हा वाचली, आणि सरकारी वकिलांना विचारलं, "याला काही उत्तर?" सरकारी वकिलांनी फाइल चाळली. उत्तर देण्यासाठी मुदत मागितली.

आदेश छोटाच झाला. पाहणी पावसाळ्यानंतर आणि हिवाळ्यातही पुन्हा करावी, रस्ता दुसरीकडून नेता येईल का ते सांगावं, आणि तोपर्यंत जागेवर परिस्थिती जैसे थे ठेवावी. खटला जिंकलो असं नाही. मुरमाचे ढीग अजून पलीकडच्या काठावर आहेत. पण त्या वर्षीचा हरभरा वाचला होता.

बाहेर येऊन मी शेषरावांना फोन लावला. काकूंनीच उचलला.

"काय झालं भाऊ?"

"काम बंदच राहणार. कोर्टाने जैसे थे ठेवायला सांगितलंय."

"ते काय असते?"

"म्हणजे आत्ता जसं आहे तसंच ठेवायचं. काही बदलायचं नाही."

मागे कुणीतरी बकरीला हाकलत होतं.

"असं कसं म्हणते कोर्ट? आत्ता पाणी उतरून राह्यलं. होळीले माहा हरबरा निंघन. उन्हाळ्यात कोरडं पडन, पोळ्याले वडापर्यंत येईन. ते एका जागी ऱ्हाते का कधी? जजसाहेबाले सांगा भाऊ, तळं हाय म्हणा ते. फोटू नोहे."

मी सांगतो म्हणालो. मग कोर्टाच्या पायरीवर बसून पुढच्या तारखेच्या टिपणात ते वाक्य लिहून ठेवलं. एकही अक्षर शुद्ध न करता.